दोघांचा बँड, तळघर आणि खरखर

प्रश्न : ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकी जोडीचे सुरुवातीचे अल्बम अलीकडेच ऐकले. वाजवणारे दोघेच असूनही आवाज पोकळ वाटत नाही. मात्र ध्वनिमुद्रण इतके खरखरीत का? पैशांची अडचण होती, की ते मुद्दामच तसे ठेवले आहे? सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अडचण होतीच, पण ती टळण्याजोगी असतानाही या दोघांनी खरखरच पसंत केली. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहराचे डॅन ऑवरबॅक (गिटार व गायन) आणि पॅट्रिक कार्नी (ड्रम) यांनी ‘थिकफ्रीकनेस’ (२००३) हा दुसरा अल्बम जवळजवळ संपूर्णपणे कार्नी यांच्या तळघरात, सुमारे चौदा तासांच्या एकाच बैठकीत मुद्रित केला, कारण ‘फॅट पॉसम’ या रेकॉर्ड कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम घरभाड्यातच संपली होती. यंत्र होते टास्कॅम ३८८ हा फितीवर मुद्रण करणारा रेकॉर्डर. पाव इंच रुंदीच्या फितीवर आठ ट्रॅक (वेगवेगळ्या मुद्रित होणाऱ्या ध्वनिपट्ट्या) बसवायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अगदी अरुंद पट्टी येते. त्यामुळे फितीची सळसळ वाढते आणि पातळी जरा चढवली की आवाज फाटतो. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एका निर्मात्याबरोबर केलेले ध्वनिमुद्रण मात्र त्यांनी टाकून दिले, कारण ते रेडिओवरच्या तत्कालीन गुळगुळीत रॉकसारखे वाटत होते.

आवाज भरलेला वाटण्याचे श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही. ऑवरबॅक यांचा आदर्श म्हणजे उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधील ब्लूज, विशेषतः ज्युनियर किम्ब्रो यांचे वादन. या शैलीत स्वरसंगती फारशा बदलत नाहीत. अंगठा खालच्या जाड तारांवर एकच स्वर घुमवत ठेवतो आणि उरलेली बोटे धून वाजवतात, म्हणजे बास गिटारचे निम्मे काम तिथेच होऊन जाते. त्यावर फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) चढवला की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश उमटतात आणि उरलेली जागा कार्नी यांच्या झांजा व्यापून टाकतात. (कार्नी तालाला काटेकोर नाहीत अशी तक्रार ऐकू येते, मला तर तो सैलपणाच आवडतो.)

सुरुवात ‘रबर फॅक्टरी’पासून (२००४) करावी. तळघर सोडावे लागल्यावर या जोडीने अ‍ॅक्रनमधल्या टायरच्या बंद कारखान्यात जागा घेतली आणि जुना मिक्सिंग कन्सोल (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचे मोठे यंत्र) वरच्या मजल्यावर चढवला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ती जागा वाईटच होती, तरी गाण्यांची बांधणी इथे आधीच्या दोन्ही अल्बमपेक्षा पक्की झालेली दिसते. त्यानंतर ‘चुलाहोमा’ (२००६) ऐकावे. किम्ब्रो यांच्याच रचनांच्या या छोट्या संग्रहाच्या अखेरीस त्यांच्या पत्नीने टेलिफोनवर ठेवलेला कौतुकाचा निरोप तसाच जोडलेला आहे. त्याच वर्षी नॉनसच या मोठ्या समूहाच्या कंपनीकडून आलेले ‘मॅजिक पोशन’ मला बेताचे वाटते. २००८ च्या ‘अटॅक अँड रिलीज’पासून तर बाहेरचा निर्माता आणि व्यावसायिक स्टुडिओ आले. म्हणजे आपल्या प्रश्नाचा रोख आहे तो काळ तोवर संपला होता.

एक सूचना : मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. अंगठ्याने वाजवलेला खालचा स्वर त्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि मग केवळ खरखर उरते.