उलट टाका सोपा करायचाय? आधी त्याचा पाय बघा

तुम्ही विचारलंय: ‘मी धागा डाव्या हातात धरून विणते. सुलट ओळ पटापट होते, उलट ओळीला मात्र तर्जनी दुखते आणि टाके सैल पडतात. सोपी पद्धत आहे का? घरच्यांचं म्हणणं आहे की धागा उजव्या हातात धरायला शीक.’

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले.

हात बदलू नका. वर्षानुवर्षं बसलेला हात मोडून नवा बसवायचा आणि तोही एका टाक्यासाठी, हा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः कधी डाव्या हातात धागा धरून उलट ओळ विणलेली नसते. डाव्या हातात धागा असला की सुलट टाक्याला सुईचं टोक धागा नुसता उचलून आणतं. उलट टाक्याला तो सुईच्या वरून घ्यावा लागतो, म्हणून प्रत्येक वेळी बोट पुढे वाकवून खाली दाबावं लागतं. दुखतं ते तिथे. आणि वरून आलेल्या धाग्याचा रस्ता लांब असल्यामुळे टाक्यात थोडी जास्त लोकर जाते. विणीच्या उलट्या बाजूने दोन-दोन ओळींचे पट्टे दिसतात ते यामुळेच. तुमचा हात वाईट नाही.

सोपी पद्धत अशी. धागा पुढे, सुई नेहमीसारखीच टाक्यात उजवीकडून डावीकडे. आता धागा वरून गुंडाळू नका. सुईचं टोक धाग्यावर टेकवा, धागा टोकाच्या खालून येऊ द्या आणि तसाच टाक्यातून मागे ढकला. बोट जागचं हलत नाही. रस्ता आखूड, त्यामुळे टाका सुलट टाक्याइतकाच आवळलेला बसतो.

माझं जे झालं ते यापुढच्या भागात झालं, म्हणून ते सविस्तर सांगते.

मी ही पद्धत कुणाकडून शिकले नाही. थोरल्या जाऊबाईंच्या धाकट्यासाठी स्वेटर घेतला होता. मागचा भाग 96 टाक्यांचा, 4 मिलिमीटरच्या सुयांवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोट इतकं दुखायला लागलं की एका उलट ओळीत धागा नकळत खालून घेतला गेला. इतकं हलकं वाटलं की पुढच्या सगळ्या उलट ओळी तशाच केल्या. काखेपर्यंत पोचले तेव्हा मला खरोखर अभिमान वाटत होता. कापड थोडं आखडलंय आणि एका बाजूला कलतंय हे दिसत होतं, पण धुतल्यावर सरळ होईल असं मी धरून चालले.

दोन दिवस बाहेर जाऊन आले, तर सुया रिकाम्या आणि लोकरीचे गुंडे नीट गुंडाळून ठेवलेले. जाऊबाई म्हणाल्या, “सगळे टाके पिळले होते गं. मीच उसवलं. डाव्या हाताने असंच होणार. आता उजव्या हातात धागा धर आणि नीट विण.” माझ्या अकरा दिवसांच्या कामाला त्यांनी मला न विचारता हात लावला. टाके पिळले होते हे खरं होतं, त्यामुळे मला तेव्हा एक अक्षर बोलता आलं नाही. तो स्वेटर शेवटी त्यांनीच विणला. मी पुढची चार वर्षं फक्त गोल सुईवर टोप्या आणि मोजे केले, कारण गोल विणीत साध्या सुलट कापडाला उलट ओळ लागतच नाही. अनेकजणी हा उपाय सुचवतात. मी त्याला पळ काढणं म्हणते, आणि मी चार वर्षं तो काढलाय.

एका टोपीत टाका निसटला. तो परत सुईवर चढवताना माझ्या लक्षात आलं की सुईवर बसलेल्या टाक्याला दोन पाय असतात आणि उजवा पाय कधी सुईच्या पुढे येतो, कधी मागे. धागा खालून घेतला की नव्या टाक्याचा उजवा पाय मागे जातो. पुढच्या सुलट ओळीत सुई त्या मागच्या पायात घातली तर टाका सरळ उघडतो. नेहमीच्या सवयीने पुढच्या पायात घातली तर पिळतो. मी अर्धी पद्धत शोधली होती आणि उरलेली अर्धी केलीच नव्हती. माझी प्रत्येक सुलट ओळ खालच्या उलट ओळीला पिळत होती, म्हणून कापड आखडलं आणि कललं. डाव्या हाताचा यात काडीचा संबंध नव्हता.

त्याच रात्री 30 टाक्यांचे दोन तुकडे केले, 40-40 ओळींचे. एकात सुलट ओळीला पुढचा पाय, दुसऱ्यात मागचा. खिडकीशी धरले तर पहिल्यात एकाआड एक ओळीत टाक्याचे पाय खाली एकमेकांवर चढलेले, दुसऱ्यात सगळे मोकळे. दोन्ही तुकडे जाऊबाईंसमोर ठेवले. त्यांनी हातात न घेताच म्हटलं, “पण पद्धत ती नव्हेच.” मग कुठली? सरळ बसलेला टाका एकदा कापडात गेला की तो कुठल्या हाताने आणि कुठल्या बाजूने आला हे कापडाला कळत नाही. सुलट टाका मागून आणि उलट टाका खालून, या जोडपद्धतीने विणणारे जगात भरपूर आहेत आणि त्यांची कापडं सरळ असतात.

तर तुमच्यासाठी: येणारा टाका कसा बसलाय ते बघून सुई घाला. सरळ सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं पुढे-मागे विणताना नियम एकच, सुलट मागच्या पायातून, उलट पुढच्या पायातून. एक सुलट एक उलटच्या पट्टीलाही तोच चालतो. गोल सुईवर पट्टी विणताना मात्र बाजू उलटत नाही, तेव्हा सुलट पुढून आणि उलट मागच्या पायातून. इथे बऱ्याचजणी फसतात.

टाके कमी करतानाही जपा. डावीकडे झुकणारी घट या पद्धतीत फार सोपी आहे, दोन टाके मागच्या पायांतून एकत्र घ्या, आधी उतरवून फिरवण्याची कटकट नाही. उजवीकडे झुकणारी हवी असेल तर दोन्ही टाके एकेक करून पाय पुढे येईल असे फिरवून डाव्या सुईवर परत ठेवा, मग पुढून एकत्र विणा. छापील नमुने टाक्याचा उजवा पाय पुढे आहे असं धरूनच लिहिलेले असतात, त्यामुळे जाळीच्या नमुन्यात हे विसरलात तर पानांची टोकं भलतीकडे वळतील.

धागा मागेच ठेवून उलट टाका काढायची नॉर्वेजियन पद्धतही आहे. तीत पाय पुढेच राहतो आणि पट्टी विणताना धागा पुढे-मागे करावा लागत नाही. पण सुईला प्रत्येक टाक्यात दोन वळसे जास्त पडतात. लांब उलट ओळीला मला ती नको वाटते.

तुमचे उलट टाके मुळातच घट्ट पडत असते तर मी ही पद्धत सुचवली नसती, ते आणखी आवळले असते. तुमचे सैल आहेत, म्हणून हीच. अर्धवट कामात मध्येच बदलू नका, वीण तिथे वेगळी दिसेल. नवीन तुकडा करून इंचाला किती टाके बसतात ते आधी मोजा. बोटाचं दुखणं न विणतानाही राहत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि उजव्या हातात धागा धरणं येत असेल तर दोन रंगांच्या कामात ते उपयोगी पडतं, दोन्ही हातांत एकेक रंग धरता येतो. जाऊबाईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला मान्य आहे.

माझे ते दोन तुकडे अजून सुयांच्या डब्यात आहेत. तुमचा तुकडा झाला की खिडकीशी धरा आणि ज्यांनी हात बदलायला सांगितलंय त्यांच्या हातात द्या, समोर नुसता ठेवू नका.