गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलून वर्षाला किती वाचतात?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी हिशेबासकट पत्र पाठवलं आहे. वय ४१, शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये नोकरी. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक २०२१ साली घेतली, रनिंग ४१,००० किलोमीटर, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरने या वेळी ८,६६६ रुपयांचं एस्टिमेट दिलं आणि सांगितलं, स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे) बदलायला झालेत, सगळं ट्यूनिंगच करून घ्या. यांनी ठरवलं की प्लग आता घरीच बदलायचे. त्यासाठी ७,५०० रुपयांचा टूलकिट क्रेडिट कार्डावर बिनव्याजी हप्त्यांनी घ्यायचा, ३,००० रुपयांचे चार इरिडियम प्लग (टोकाला इरिडियम धातू असलेले) टाकायचे, आणि दरवर्षी वाचणारे साडेआठ हजार एसआयपीत घालायचे. १२ टक्क्यांनी १५ वर्षांत साडेतीन लाख होतात, असं त्यांनी मांडलं आहे. हे बरोबर आहे का, एवढाच प्रश्न.

नमस्कार. आधी उत्तर देतो, मग कारणं. प्लग घरी खुशाल बदला. टूलकिट घेऊ नका, इरिडियम टाकू नका, आणि साडेतीन लाखांचा आकडा वहीतून खोडून टाका.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्या कागदातच आहे. चार प्लगचे ७६० रुपये. ते बदलायची मजुरी ६००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८. म्हणजे प्लगचं सगळं काम १,४६८ रुपयांत होतं. उरलेले ७,१९८ रुपये कशाचे? थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप) क्लीनिंग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं) आणि एसी ट्रीटमेंट. तुम्ही घरी प्लग बदललेत तर यातलं काहीच होणार नाही. प्लगचे ७६० तर घरी बदलले तरी लागणारच. वाचते ती फक्त मजुरी.

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत प्लगची मुदत ४०,००० किलोमीटर आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. वर्षाला १०,००० चं रनिंग धरलं, तर चार वर्षांतून एकदा ७०८ रुपये वाचतात. वर्षाला १७७. साडेसात हजारांचा टूलकिट या १७७ रुपयांतून वसूल व्हायला बेचाळीस वर्षं लागतील, आणि तुम्ही तर तीन वर्षांनी गाडी विकणार आहात.

मग ७,१९८ रुपयांचं काय करायचं? पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो, किती किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं त्याचा. तो उघडून एस्टिमेटशेजारी ठेवा. तक्त्यात नसलेल्या प्रत्येक ओळीबद्दल सर्व्हिस अॅडव्हायझरला विचारा, की माझ्या गाडीत असं काय दिसलं म्हणून हे सुचवताय. गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वरखाली होत असेल, सिग्नलला बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करणं योग्यच आहे. तुमच्या पत्रात असली एकही तक्रार नाही. पिकअप थोडा मंदावलाय, एवढंच म्हणता; त्यासाठी आधी एअर फिल्टर बघा आणि प्लग बदला, तेवढ्याने फरक पडतो का ते महिनाभर पाहा. बाकीच्या ओळी जॉब कार्डवर सही करण्याआधी खोडून घ्या. हे करायला कुठलंही हत्यार लागत नाही, आणि तुमची या वेळची खरी बचत इथेच आहे.

पण प्लग लांबणीवर टाकू नका. झिजलेल्या प्लगमध्ये दोन टोकांमधलं अंतर वाढतं, ठिणगी पाडायला कॉइलला (प्लगला वीज देणारा भाग) जास्त जोर लावावा लागतो, आणि मिसफायर सुरू झालं, म्हणजे ठिणगी चुकू लागली, की न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टर तापून खराब झाला तर त्याचं बिल पाहून आजचं एस्टिमेट किरकोळ वाटेल. ते राहू द्या, नुसतं अॅव्हरेज बघा. लिटरला १८ ऐवजी १७ किलोमीटर मिळाले, तर १०,००० किलोमीटरला साधारण ३३ लिटर पेट्रोल जास्त जळतं. लिटरचे १०४ रुपये धरले तर हे तीन हजारांच्या वर गेले. आपल्याकडे माणसं मजुरीचे सातशे वाचवायला काम सहा महिने ढकलतात आणि तेवढे पैसे पंपावर देऊन मोकळी होतात. म्हणून घरी करायचं असेल तर याच महिन्यात करा. रविवार मिळत नसेल तर प्लग स्वतः विकत आणा आणि उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घ्या.

आता इरिडियम. हा प्लग साध्यापेक्षा खूप टिकतो, हे खरं आहे. एक लाख किलोमीटर चालेल असं धरू. दर दहा हजार किलोमीटरला त्याचे ३०० रुपये पडतात, साध्या प्लगचे १९०. सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घेतले तर मजुरी धरून दोन्ही ३७० च्या आसपास येतात, कारण इरिडियमची मजुरी क्वचित द्यावी लागते. पण मजुरी तर तुम्ही वाचवायला निघालात! घरी काम करणाऱ्याला साधाच प्लग स्वस्त. त्यातून तीन वर्षांत तुमची गाडी ३०,००० चालेल. इरिडियमची उरलेली ७०,००० किलोमीटर पुढचा मालक वापरेल आणि गाडीच्या किमतीत तुम्हाला त्याचा एक रुपया मिळणार नाही. उलट ज्यांच्या गाडीला कंपनीनेच इरिडियम सांगितलाय, त्यांनी पैसे वाचवायला साधा टाकू नये. पुस्तिकेत जो नंबर छापलाय तोच प्लग घ्यायचा, आणि ओळखीच्या दुकानातून बिल घेऊनच. नामांकित कंपन्यांच्या डब्यात नकली प्लग मिळतात, आणि नुसत्या डब्यावरून ते ओळखू येत नाहीत.

जोखमीचाही हिशेब मांडायला हवा, तुमच्या पत्रात तो नाही. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. प्लग तिरका बसला आणि जोर लावला तर हेडचे आटे जातात. आटे नवे करून इन्सर्ट बसवता येतो, पण हेड उतरवायची वेळ आली तर बिल पाच आकडी होतं. समजा पन्नासात एकदा असं होतं आणि १५,००० लागतात. तर त्या जोखमीची किंमत दर खेपेला ३०० रुपये झाली, म्हणजे वाचलेल्या ७०८ पैकी जवळजवळ निम्मी गेली. गाडीचा विमा यात कामाला येत नाही. यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत धरलेला नसतो. हेच पत्र कधी पाना न धरलेल्या माणसाचं असतं, तर मी सरळ नको म्हणालो असतो. तुमचा रोजचा संबंध आट्यांशी आहे, म्हणून हो म्हणतोय.

हत्यारं कामापुरतीच घ्या. रॅचेट, लांब एक्स्टेन्शन आणि कॉइलच्या बोल्टसाठी १० मिलिमीटरची गोटी (सॉकेट) शेजारीपाजारीही मिळेल. प्लगची गोटी मात्र आतून रबर किंवा चुंबक असलेली विकत घ्या. तुमच्या प्लगला १४ ची लागते की १६ ची, ते आधी बघा. काही शेकड्यांत मिळते. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) मात्र हवाच, आणि तो तुमच्या शॉपमध्ये असणार. साहेबांना विचारून शनिवारी संध्याकाळी घरी आणा.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. कॉइलच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं, खटका नीट दाबल्याशिवाय ओढू नका. कॉइल निघाली की खाली खोल नळी दिसते आणि तिच्या तळाशी, प्लगच्या भोवती, बारीक धूळ आणि खडे साठलेले असतात. प्लग सैल करायच्या आधी तिथे हवा मारा, नाहीतर तो कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. एका वेळी एकच प्लग काढा. नवा प्लग गोटीत धरून, रॅचेट न लावता, फक्त एक्स्टेन्शन बोटांनी फिरवत उतरवा. आधी हलकेच उलटा फिरवा, आटा आट्यात पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. चांगले अनेक फेरे तो बोटांनीच जायला हवा. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर तो तिरका आहे, बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. त्याने टॉर्कचा आकडा तोच दिसतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे, आणि मग ती इंजेक्टर-डीकार्बनवाली ओळ खोडताना मनात शंका ठेवायचं कारण नाही. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. टोक तेलाने ओलं असेल, किंवा त्या नळीत ऑइल साचलेलं दिसलं, तर फोटो काढून मिस्त्रीला दाखवा. तो खर्च टाळू नका.

पत्राच्या अखेरीस एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: कार्डावर आधीचे ३८,००० बाकी आहेत, सध्या मिनिमम भरतोय. माझ्या लेखी सगळ्या पत्रातली मोठी बातमी ही आहे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,३३०, त्यावर जीएसटी, म्हणजे जवळपास १,५७०. प्लगचं सगळं काम सर्व्हिस सेंटरमधून करून घेतलं तरी १,४६८ होतात. त्याहून जास्त पैसे दर महिन्याला नुसत्या व्याजात जात आहेत. आणि मागची बाकी पूर्ण भरलेली नसताना कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. 'बिनव्याजी' हप्त्यांवरही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आणि जीएसटी लागतो. टूलकिट नको म्हणण्याचं हेही एक कारण.

तुमची १,२०,००० ची एफडी आहे. तिच्यातले ३८,००० मोडून ही बाकी याच आठवड्यात फेडा. सात टक्क्यांनी त्या रकमेवर वर्षाला २,६६० मिळतात, मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड जाईल. इकडे वर्षाचे अठरा हजारांवर वाचतात. मोडलेली एफडी दरमहा १,५०० टाकून भरून काढा, दोन वर्षांच्या आसपास लागतील. त्यानंतर तेच १,५०० एसआयपीत वळवा. तुमच्याच १२ टक्क्यांनी उरलेल्या १३ वर्षांत साडेपाच लाखांच्या पुढे जातात. १२ टक्के मिळतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, पण हे दीड हजार दर महिन्याला खरोखर हातात असतील.

कार्ड फेडताना बिलावरचा आकडा भरून थांबू नका. बँकेला फोन करून आजच्या तारखेची पूर्ण रक्कम विचारा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज आलेलं दिसेल, तेही मुदतीत पूर्ण भरा. बाकी शून्य झाली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होते.