दुसऱ्या मजल्यावर वाचनालय चालेल का?

प्रश्न : सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट वाचनालयासाठी मिळतोय. दीड हजार पुस्तकं जमली आहेत, अजून येताहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखं काहीतरी उभं करावं असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नावापासून करा. तुम्ही लिहिताय ‘वाचनालय’ आणि डोळ्यांपुढे ठेवलंय ‘संग्रहालय’. मी एकतीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली. या दोन शब्दांतलं अंतर मला वजनाने ठाऊक आहे.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झालं. संस्थापकांतले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास त्यांच्या हातून पुढे व्हायचा होता. वाचायची सोय तेव्हा नवी राहिली नव्हती. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ची, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. ठाणेकरांनी वेगळं काय केलं, तर मराठी पुस्तकं जमवायची आणि जपायची, हेच काम मानलं. मुंबईचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी आलं.

आता तुमच्या फ्लॅटकडे येऊ. वाचनालयाला फाटकं, कोणी न नेलेलं पुस्तक बाद करता येतं. आमच्या भाषेत निर्लेखन. संग्रहालयाचा हात तिथे अडतो. त्याचा साठा वाढतच जातो, आणि वाढतो म्हणजे जड होतो. घरच्या काट्यावर मी मोजलंय : फूटभर पुस्तकं आठ-दहा किलो भरतात. तीन फुटी, सहा कप्प्यांचं एकच रॅक गच्च भरलं की दीडशे किलोच्या पुढे, तेही चौरस मीटरहून बऱ्याच कमी जागेत. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानक ८७५ नुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या खोलीला तेच मानक ६०० किलो धरायला सांगतं, तेही २.२ मीटर उंचीपर्यंतच्या मांडणीला; पुढे उंचीप्रमाणे वाढ. म्हणून बांधणारे शक्यतो पुस्तकं खाली ठेवतात आणि वाचायचं दालन वर. (माणसं उठून घरी जातात, पुस्तकं चोवीस तास उभी असतात.)

मी होते त्या एका ग्रंथालयात जागेच्या हौसेपोटी वरच्या हॉलमध्ये पाठीला पाठ लावून रॅकं मांडली. पावसाळ्यात लाद्या उचलल्या, खालच्या छताला तडा दिसला. चार दिवस आम्ही जिन्यात साखळी करून पुस्तकं उतरवली. शिपायाने मला ऐकवलेलं वाक्य इथे छापता येणार नाही.

तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फ्लॅट दाखवा. त्याने हो म्हटलं तरी रॅकं मधोमध नकोत. बीम कुठून जातात ते विचारून त्यांच्याजवळ, एकेरी ओळीत लावा. पण भिंतीला चिकटवू नका. खाडीकाठची हवा आहे, मागे वीतभर वारा खेळला नाही तर श्रावणापर्यंत बुरशी, आणि मग कसर. गच्च बंद लोखंडी कपाटाची हौसही आवरा.

दाखल नोंदवहीसोबत निर्लेखनाचीही वही पहिल्याच दिवशी घाला. ‘आजोबांचे दिवाळी अंक घ्याच’ म्हणणारे रविवारी सकाळी येतील. त्यांना ती दाखवा.

आणि मोरीची ओल येणारी भिंत असेल ना? तिथे वर्तमानपत्रांचं टेबल टाका.