दहा छोटे सेन्सर मिळून एक मोठा कॅमेरा होतो का?

प्रश्न: मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. नवरात्रात मैत्रिणींचे गरब्याचे फोटो काढते, पण मोबाईलवर एक तर सगळं हललेलं येतं नाहीतर दाणेदार. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून गरबा खेळता येत नाही. भाऊ म्हणतो, बरेच छोटे सेन्सर एकत्र लावून मोठ्या कॅमेऱ्यासारखा फोटो काढणारे खिशातले कॅमेरे निघालेत. खरं आहे का? घ्यावा का?

उत्तर: ताई, खरं आहे, आणि गरब्यासाठी तर ही कल्पना एकदम फिट आहे, पण घ्या असं मी सांगणार नाही.

आधी जाडीचं बघा. मोठ्या कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे प्रकाश पकडणारी चिप, 36 बाय 24 मिलीमीटर, त्याला नॉर्मल लेन्स 50 मिलीमीटरची, म्हणजे दोन इंच तिथेच गेले. सेन्सर 6 मिलीमीटर रुंद घेतला की तेवढाच सीन 8 मिलीमीटरच्या लेन्समध्ये मावतो, कॅमेरा चपटा होतो, पण प्रकाश पकडायची जागा तीसेक पटीने कमी होते आणि रात्री दाणे दिसायला लागतात. म्हणून मग असे पाच-दहा सेन्सर शेजारी-शेजारी बसवायचे, सगळ्यांनी एकदम फोटो घ्यायचा आणि ते एकमेकांवर जुळवायचे. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात त्यामुळे सरासरीत विरून जातात. चार फोटो जुळवले की दाणे निम्मे, त्याच्याही निम्मे हवे असतील तर सोळा लागतात.

मोबाईलचा नाईट मोडही बरेच फोटो जोडतो, पण एकामागून एक घेतलेले, आणि तेवढ्यात तुमची मैत्रीण अर्धी गिरकी घेऊन मोकळी झालेली असते. बरेच सेन्सर असले की सगळे फोटो त्याच क्षणाचे, हाच या कल्पनेचा खरा जीव आहे आणि मला ती मनापासून आवडते.

अडतं जुळवताना. प्रत्येक लेन्स थोडी वेगळ्या जागेवरून बघते, त्यामुळे जवळची माणसं मागच्या मांडवाच्या तुलनेत सरकलेली दिसतात. त्यात चणियाचोळीवरचे आभले! एका लेन्सला आभला चमकताना दिसतो, सेंटीमीटरभर बाजूच्या लेन्सला तोच काळा, मग सॉफ्टवेअरने कुणाचं ऐकायचं? ओढणीच्या झालरीपाशी, सुटलेल्या केसांपाशी पण असाच घोळ होतो.

लाइट कंपनीचा एल16 हा असा कॅमेरा 2017 साली आला, 13 मेगापिक्सेलचे 16 कॅमेरे, एका वेळी दहा चालायचे आणि जोडून 52 मेगापिक्सेलपर्यंतचा फोटो व्हायचा, पण पूर्ण फोटोसाठी कॉम्प्युटरवर बसावं लागायचं. 2019 च्या नोकिया 9 प्युअरव्ह्यू या मोबाईलमध्ये पाच होते, दोन रंगीत आणि तीन ब्लॅक अँड व्हाइट, कारण रंग ओळखण्यासाठी सेन्सरवर बसवलेली जाळी नसली की त्याला जास्त प्रकाश मिळतो. लाइटचं तंत्रज्ञान 2022 मध्ये जॉन डिअरने घेतलं, ट्रॅक्टरला अंतर कळावं म्हणून. म्हणजे जवळच्या गोष्टी सरकलेल्या दिसणं ही फोटोत अडचण, तिथे तीच कामाची, त्या सरकण्यावरूनच अंतर कळतं. त्यामुळे कुणी जुना एल16 स्वस्तात देत असेल तरी नको, फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय त्याच्यात अर्थ नाही.

तुम्ही एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा बघा, एफ/1.8 ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स असलेला, पर्समध्ये मावतो. शटर 1/250 सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहू देऊ नका, आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करायचं सेटिंग, 3200 पर्यंत बिनधास्त वाढवा, दाणे आले तर येऊ द्या, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारत नाही.

प्रश्न: माझ्या मोबाईलच्या मागे तीन लेन्स आहेत, म्हणजे हेच ना? (रावपुरा, बडोदा)

उत्तर: बहुतेक नाही. एक वाइड, एक मेन, एक झूमची, आणि फोटो मुख्यतः त्यातल्या एकीचाच असतो. खरोखर दोन जोडणारा म्हणजे 2016 चा हुवावे पी9, एक सेन्सर रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. तुमच्याकडे काय होतं ते बघायचं तर फोटो घेताना एकेक लेन्स बोटाने झाका, कुठली झाकल्यावर स्क्रीन काळी होते ते लगेच दिसेल.