संगणक-शंका : सॉकेट, पिना आणि गुलाल

प्रश्न : राजवाड्याजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) शटर अर्धं उघडं राहिलं आणि कॅबिनेटमध्ये गुलाल शिरला. साफ करताना मुलाने प्रोसेसरही काढला. परत बसवताना तो हातातून निसटून सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) कोपऱ्यावर पडला. मशीन चालू होतं, पण ८ जीबीच्या दोन रॅमपैकी एकच दिसते. सॉकेट एलजीए १२०० आहे, म्हणजे पिना सॉकेटमध्येच असतात. बोर्ड गेला का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : इतक्यात बोर्डाची आशा सोडू नका. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे रॅमचे सगळे सिग्नल सॉकेटच्या पिनांमधून जातात. एका चॅनलची (प्रोसेसर ते रॅम या वाटेची) एखादी पिन वाकली की त्या चॅनलवरची रॅम दिसेनाशी होते. पण आधी रॅमच्या स्लॉटात गुलाल बसलेला नाही ना ते पाहा, तो ब्लोअरने उडवा आणि दोन्ही रॅम चालत्या स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून बघा. दोन्ही तिथे चालल्या, पण दुसरा स्लॉट मुकाच राहिला, तर सॉकेट तपासायचं.

वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल काढा (बायोसची सेटिंग जाईल, तारीख पुन्हा लावावी लागेल). डोक्यावरचा पंखा बंद करा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच बोर्डाला हात लावा. प्रोसेसर उचलताना फक्त कडांना धरा.

आता टॉर्च आडवा धरून सॉकेटवर प्रकाश टाका आणि १० पट भिंगातून पाहा. सॉकेटच्या एकेका भागातल्या पिनांची टोकं एकाच दिशेला कललेली असतात आणि रांगेत सारखी चमकतात. वाकलेली पिन वेगळी चमकते किंवा तिच्या जागी काळा ठिपका दिसतो. बोर्ड चारही बाजूंनी फिरवून पाहा, एका बाजूने सरळ वाटणारी पिन दुसऱ्या बाजूने दबलेली निघते. मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा केला तर शोध सोपा होतो.

सरळ करायला बारीक सुई किंवा टोकदार चिमटा पुरतो. पिन जिकडे वाकली त्याच्या उलट बाजूला केसभर ढकला, थांबा, पाहा, पुन्हा ढकला. दोन पिना एकमेकींना चिकटल्या असतील तर आधी त्या सोडवा. तशा अवस्थेत ‘बघू तरी’ म्हणून मशीन मुळीच चालू करू नका; विजेची पिन सिग्नलच्या पिनेला टेकली तर प्रोसेसरही जाऊ शकतो. पिनेची उंचीही शेजारणींइतकी हवी, खाली दबून राहिली तर ती प्रोसेसरला टेकतच नाही. हा पातळ धातू दोन-तीनदा मागेपुढे झाला की तुटतो, म्हणून नव्वद टक्के सरळ झालेल्या पिनेला शंभर टक्के करायच्या नादी लागू नका.

आणि गुलालापायी प्रोसेसर काढायची गरज नव्हती. बंद सॉकेटात प्रोसेसरच्या खाली धूळ सहसा जात नाही. गुलाल साफ करताना अल्कोहोल शेवटी वापरा, आधी कोरडा ब्रश आणि ब्लोअर. नाहीतर रंग विरघळून सगळीकडे पसरतो.

प्रश्न : थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) सॉकेटच्या पिनांवर पडली. कापसाने पुसली तर धागे अडकले. काय करू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कापूस, टिश्यू, इअरबड सॉकेटात कधीच नाही. अडकलेले धागे भिंगाखाली चिमट्याने एकेक करून काढा, ओढताना पिन सोबत येत नाही ना तेवढं बघा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि मऊ ब्रश पिनेच्या बुडाकडून टोकाकडे फिरवा. उलट फिरवला तर केस टोकाखाली अडकून पिन उचलतात. ब्रश दर वेळी वेगळ्या अल्कोहोलमध्ये धुवा, नाहीतर पेस्ट फक्त जागा बदलते. सॅनिटायझर किंवा सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल नको, त्यात पाणी असतं. तेलकट स्प्रेही नको. साफ झाल्यावर बोर्ड तासभर वाळू द्या.

साधी राखाडी पेस्ट बहुधा वीज वाहत नाही, त्यामुळे कोपऱ्यातला एखादा डाग राहिला तर झोप उडवून घेऊ नका. लिक्विड मेटल (पातळ धातूची पेस्ट) असेल तर मात्र ती वीज वाहते. एक कणही ठेवू नका.

प्रश्न : कूलर काढताना रायझनचा प्रोसेसर त्यालाच चिकटून वर आला. पिना वाकल्या.
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : हा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असणार. त्यात १३३१ पिना प्रोसेसरवर असतात आणि सॉकेट त्यांना फक्त कडेने धरतं. वाळलेल्या पेस्टची पकड त्याहून जास्त. सॉकेट ठीकच असेल, पण छिद्रात तुटलेली पिन अडकली नाही ना ते बघा. वाकलेल्या पिना जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने रांगेत आणा, एखाद-दुसरी शिसं काढलेल्या ०.५ मिमी पेन्सिलीच्या नळीत घेऊन सरळ करा. लिव्हर उघडल्यावर प्रोसेसर आपल्या वजनानेच बसला पाहिजे. जोर लावावा लागला तर अजून एखादी वाकडी आहे. पुढच्या वेळी मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा आणि मग उचला.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, सॉकेटच बदलावं लागेल. बदलावं का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सॉकेट बोर्डावर हजाराहून जास्त बारीक शिशाविरहित सोल्डरच्या गोळ्यांनी बसलेलं असतं. ते सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून बोर्ड खालूनही तापवणारं बीजीए मशीन लागतं. नुसत्या हॉट एअर गनने कोणी करतो म्हटला तर बोर्ड उचलून घरी आणा. मशीन असेल तर एकूण खर्च, नवं सॉकेट मिळालं आहे का, आणि काम बिघडलं तर पैसे कोणाचे, हे आधी लिहून घ्या. साध्या, स्वस्तातल्या एच सिरीज बोर्डासाठी हा खर्च सहसा परवडत नाही, तेवढ्यात वापरलेला बोर्ड बघा. विकत घेताना त्याच्या सॉकेटचा फोटो टॉर्च आडवा धरून तुम्हीच काढा.