खुनी नायिकेच्या प्रेमात पडलेली मुलगी

आईने पिशवीतून जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. काळं मुखपृष्ठ, त्यावर खंजीर. "मॅडम, ह्यात एक मुलगी पैसे घेऊन माणसं मारते. आमची ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच वाचते. वर त्यात प्रेमप्रकरण! डोक्यावर परिणाम होईल ना हो?"

मुलगी अकरावीत, सायन्सला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुपदेशनासाठी हा प्रश्न माझ्याकडे बरेच पालक घेऊन येतात. केवळ अशी गोष्ट वाचून मूल हिंसक होत नाही, हे मी त्यांना ठामपणे सांगते. मी बघते ते वेगळंच. जेवण सुटलंय का, मैत्रिणी तुटल्यात का, हातावर कापल्याच्या खुणा आहेत का, "मी नसते तर बरं" असं काही तोंडून येतंय का. आणि झोप. ह्या वयाला ८ ते १० तास लागतात. हिला पाचही मिळत नव्हते.

मुलगी आली तेव्हा गप्पच होती. आपल्यातलं बोलणं घरी सांगणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तरच सांगेन, हे आधी स्पष्ट केलं. मग पुस्तक तिच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "परत परत वाचतेस ती पानं दाखव."

पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मारामारीच्या पानावर एकही नाही. एक चिठ्ठी होती ती नायिका वाईट स्वप्नाने दचकून उठते तिथे. सोबतचा तरुण दाराबाहेरूनच विचारतो, आत येऊ का? ती नको म्हणते, तर तो बाहेरच बसून राहतो. दुसरी चिठ्ठी अगदी सुरुवातीला. "तिला कुणी विचारलंच नव्हतं," मुलगी म्हणाली. "लहानपणी हातात सुरी दिली. तिला ती चांगली चालवता आली, मग सगळे म्हणाले, हेच कर." थोडं थांबून म्हणाली, "मला आठवीत नीटचा फाउंडेशन क्लास लावला."

वडिलांचं म्हणणं, पुस्तकं काढून घ्या, विषय संपेल. मी त्याला साफ विरोध केला. जे घरात बोलता येत नव्हतं, ते ती त्या चिठ्ठ्यांमधून बोलत होती. तेवढंही बंद करायचं?

त्यातल्या प्रेमाबद्दलही सांगते. हळूहळू फुलणाऱ्या ह्या प्रेमकथांत दोघं शेकडो पानं नुसती एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात. समोरच्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मुलीला गोष्टीतून कळत असेल तर मला ते हवंच आहे. पण सगळ्याच कादंबऱ्या अशा नसतात. काहींत नायक पाठलाग करतो, धमकावतो, कोंडून ठेवतो आणि त्यालाच प्रेम म्हटलं जातं. त्यावर मुलींशी उघड बोलायला हवं. दुसरं म्हणजे वय. 'न्यू अ‍ॅडल्ट' हे कादंबऱ्यांच्या एका प्रकाराचं नाव २००९ मध्ये एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने रूढ केलं, ते साधारण १८ च्या पुढच्या वाचकांसाठी. मुखपृष्ठं मात्र किशोरांच्या पुस्तकांसारखीच दिसतात, आणि पहिला भाग सोज्वळ असलेल्या मालिकेत पुढे उघड शृंगार येऊ शकतो. म्हणून नुसतं कव्हर बघून घाबरू नका आणि नुसतं कव्हर बघून विकतही घेऊ नका; आत चाळा.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. अकरानंतर पुस्तक आणि फोन दोन्ही हॉलमध्ये, आणि आईने पहिला भाग स्वतः वाचायचा. आईने डिक्शनरी घेऊन नेटाने वाचला. पुढच्या बैठकीत तिने लेकीला विचारलं, "त्या पोरीला कुणीच कसं विचारलं नाही गं?" तेव्हा क्लासबद्दल मुलगी स्वतःच बोलली, बराच वेळ, रडत. वडील ऐकत होते. त्यांना अजून सगळं पटलेलं नाही. क्लास सुटलेला नाही, पण बारावीनंतर काय, ह्याची चर्चा घरात पहिल्यांदाच तिला धरून चालू आहे.

वर सांगितलेल्या खुणा तुमच्या मुलात दिसत असतील, तर पुस्तकाचा वाद बाजूला ठेवा आणि आजच फोन करा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.