माती अहवालातलं ‘लॅटेरिटिक’ : वीट, दगड की माती?

लांज्याच्या एका बागायतदार काकांचा प्रश्न असा : “साहेब, माती तपासून घेतली. कागदावर लिहिलंय, प्रकार लॅटेरिटिक, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ५.४. मुलाने मोबाइलवर बघितलं तर म्हणे ह्या मातीची वीट होते. काजूची कलमं सांगून ठेवलीत. लावू की पैसे परत मागू?”

काका, कलमं लावा. मुलाने वाचलं ते खोटं नाही, फक्त ते तुमच्या मातीबद्दल नाही. हाच घोळ आणखी तिघा-चौघांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा शब्द आपल्याच किनाऱ्यावर जन्मला. १८०० साली फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या हुकमाने म्हैसूर, कानडा आणि मलबार बघत फिरत होता. मलबारात अंगडिपुरमला त्याने लोक जमिनीतून दगड कापताना पाहिले. खाणीत असताना मऊ, हत्याराने सहज चौकोनी होणारा, आणि उघड्यावर ठेवला की विटेसारखा टणक. तिथले लोक त्याला ‘विटेचा दगड’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखत. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. त्यावरून बुकाननने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ‘लॅटेराइट’ हे नाव सुचवलं. म्हणजे गवंड्याचा शब्द त्याने लॅटिनचा कोट घालून विद्वानांपुढे नेला. अंगडिपुरमच्या त्या जागेला आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. आपल्याला मात्र तो दगड बघायला केरळात जायला नको. आपला जांभा तोच, आणि घराला लागतो तो चिरा त्याचाच.

बुकाननचा अर्थ सरळ होता : जे कापता येतं आणि वाऱ्यावर कडक होतं ते लॅटेराइट. पुढे रसायनवाले आले. भरपूर पाऊस आणि ऊन यांनी मूळ खडकातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन जातं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतं, हे त्यांनी दाखवलं. मग वीट राहिली बाजूला, नावाचं माप प्रयोगशाळेत ठरू लागलं. १९२७ साली सिएरा लिओनमधल्या मातीवर काम करणाऱ्या मार्टिन आणि डॉइन यांनी चिकणकणांतल्या, म्हणजे मातीच्या सर्वांत बारीक कणांतल्या, सिलिका आणि ॲल्युमिनाचं गुणोत्तर धरलं : १.३३ पेक्षा कमी ते लॅटेराइट, १.३३ ते २ पर्यंत लॅटेरिटिक. ‘टिक’ ही शेपटी तिथे महत्त्वाची ठरली. लॅटेरिटिक म्हणजे जांभ्याच्या वाटेवरची, पूर्ण जांभा न झालेली माती. आज अहवाल लिहिणारे इतकं मोजून लिहितात असं समजू नका. तांबडी, आम्लधर्मी, जांभ्यावर तयार झालेली माती दिसली की हाच शब्द पडतो.

एका कृषी पदविकेच्या विद्यार्थिनीने विचारलंय की पुस्तकात ‘लॅटेराइट माती’ आहे, पण सर ‘प्लिंथाइट’ म्हणतात, खरं काय? दोन्ही. एकाच शब्दाने दगड, माती आणि खनिज सगळंच सांगायला लागल्यावर मृदाशास्त्रज्ञ कंटाळले. अमेरिकी वर्गीकरणाने, ओलं-सुकं होत राहिल्यावर कायमचा कडक होणारा लोहयुक्त थर एवढ्यापुरता ‘प्लिंथाइट’ हा नवा शब्द घेतला. गंमत अशी की ग्रीकमध्ये ‘प्लिंथोस’ म्हणजेही वीटच! परीक्षेत सर सांगतील ते लिही, बांधावर जांभा म्हण.

आता काकांच्या शेताकडे. विटेची भीती एकाच ठिकाणी खरी आहे. जेसीबी लावून उतार सपाट करताना वरची माती खरवडून टाकली आणि खालचा मऊ, लाल-पिवळ्या ठिपक्यांचा थर उन्हाला उघडा पडला, तर तो चार-दोन उन्हाळ्यांत आवळून बसतो. वरची वीतभर माती आधी बाजूला काढा, काम झाल्यावर परत पसरा, आणि झाडाच्या आळ्यात पालापाचोळा कायम ठेवा.

कातळात खड्डा मारला तर आणखी एक चूक हमखास होते. खड्डा म्हणजे दगडी टाकी बनते, पावसात पाणी साचतं आणि कलम कुजतं. उताराच्या बाजूने खड्ड्याची कड फोडून पाण्याला वाट द्या. मातीत काजूला दोन फुटांचा खड्डा पुरतो, कातळात तो मोठा घ्या आणि बाहेरची माती व शेणखत घालून भरा.

सामू ५.४ काजूला अडचणीचा नाही. खरी अडचण स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, झाडाला देत नाहीत. म्हणून स्फुरदाचं खत शेतभर फेकू नका. शेणखतात मिसळून मुळांजवळ चरात द्या. अशा आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेटही चालतं, मात्र त्याच वेळी चुना टाकलात तर ते विरघळणार नाही. चुना शेजाऱ्याने टाकला म्हणून टाकू नका, अहवालात चुन्याची गरज लिहिलेली असेल तेवढाच टाका. खाचरातल्या भाताला तर बहुधा लागतच नाही, कारण पाणी साचून राहिलं की अशा मातीचा सामू आपोआप वर सरकतो.

शेवटचा प्रश्न राजापूरचा : “लॅटेराइट म्हणजे ठिबकच्या लॅटरलसाठी चांगली जमीन का?” दादा, हसू आलं, पण प्रश्न वाईट नाही. ती नळी ‘लाटुस’ म्हणजे बाजू ह्या वेगळ्याच लॅटिन शब्दातली, मुख्य नळीच्या बाजूला फुटते म्हणून लॅटरल. विटेशी तिचं नातं नाही. पण जांभ्याच्या भुरभुरीत मातीत पाणी सरळ खाली उतरतं, बाजूला फारसं पसरत नाही. त्यामुळे एका कलमाला एकच ड्रिपर देऊन भागणार नाही. खोडापासून थोडं लांब दोन-तीन ड्रिपर बसवा आणि एकदम चार तास चालू ठेवण्यापेक्षा थोडं थोडं, वरचेवर पाणी सोडा.